कार्पेट कडक झालंय, पण त्यातलं नेमकं काय कडक झालंय?

नागपूरच्या मनीषनगरमधल्या एका भाऊंचा प्रश्न आहे. घरी आजोबांची १९५८ ची मॉरिस मायनर मोटार आहे. खालचा पत्रा सडला म्हणून आतलं कार्पेट काढलं, गुंडाळलं आणि माळ्यावर टाकलं. पत्र्याचं काम, डेंटिंग, रंग असं करता करता बरीच वर्षं गेली. आता गुंडाळी उलगडली तर तुकडे पुठ्ठ्यासारखे कडक. गिअरबॉक्सच्या उंचवट्यावर बसायलाच तयार नाहीत. एकानं सांगितलं कपड्यांचं कंडिशनर लावा, दुसरा म्हणतो ग्लिसरीन, तिसऱ्यानं डॅशबोर्ड चमकवायचा सिलिकॉन स्प्रे हातात दिला. भाऊंचं म्हणणं एवढंच, की नवं टाकायचं नाही, आजोबांच्या वेळचंच परत बसवायचं आहे. तर काय लावलं म्हणजे मऊ होईल?

भाऊ, गाडीच्या आतलं काम, म्हणजे सीटा, छत, दाराची पॅडं आणि खालचं फ्लोअरिंग, यातच माझी उमर गेली. "काय लावू" हा प्रश्न माझ्याकडे नेहमीच येतो आणि प्रत्येकाला मी आधी तुकडा उलटा करायला सांगतो. कारण कार्पेट दिसतं एक, असतं तीन थरांचं. वरती लोकरीचे किंवा नायलॉनचे लूप. ते ज्यात ओवलेले असतात ते तागाचं किंवा सुती कापड. आणि त्याच्या पाठीवर लॅटेक्सचा, म्हणजे रबराच्या चिकाचा लेप, लूप उपसून येऊ नयेत म्हणून. या तिघांपैकी कोण कडक झालंय त्यावर पुढचं सगळं ठरतं. लूप कडक असतील तर ते मऊ होतात, आणि चांगले मऊ होतात. कापड कडक असेल तर थोडंफार होतं. लॅटेक्स कडक झालं असेल तर ते परत मऊ होत नाही. ते काढून नवीन लावावं लागतं.

आता हे ओळखायचं कसं? एक छोटा तुकडा घ्या, शक्यतो मागच्या सीटखाली जाणारा, म्हणजे काही झालं तरी दिसणार नाही. तो पांढऱ्या कागदावर पालथा धरा आणि कोपरा हळूच वाकवा. कर्रकर्र आवाज आला आणि कागदावर पिवळट-करडी भुकटी पडली, तर तो लॅटेक्स. त्या लेपात कारखान्यातच खडूची बारीक भुकटी मिसळलेली असते. चिक सुकून फुटला की ती सुटी होऊन गळते. आवाज काही नाही, भुकटीही नाही, पण लूप एकमेकांना चिकटून टोचतात, तर नखानं दोन लूप वेगळे करून त्यावर कोमट पाण्याचा बोळा मिनिटभर ठेवा. ते सैल पडले तर तुमचा शत्रू मळ आणि साबण आहे, आणि तुम्ही नशीबवान आहात. तिसरी परीक्षा केस सुकवायच्या ड्रायरची. पाठीवर थोडा वेळ गरम हवा मारा. तुकडा लवचीक झाला आणि थंड झाल्यावर पुन्हा ताठ, तर पाठीला प्लॅस्टिक आहे. चिकट होऊन डांबराचा वास सुटला, तर खालच्या डांबरी शीटचा थर सोबत निघून आलाय.

यासोबत काडीची परीक्षाही करून घ्या. कडेचा एक धागा उपसून चिमट्यात धरा, घराबाहेर जाऊन पेटवा. केस जळल्याचा वास आला, ज्योत बाजूला करताच विझलं आणि राख बोटात चुरडली गेली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन किंवा तसलंच काही. कागदासारखं भुर्रकन जळून मऊ राख उरली तर सूत, ताग किंवा रेयॉन. आणि मेणबत्तीचा वास आला, धागा पाण्यात टाकला तर तरंगला, तर ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे एका जातीच्या प्लॅस्टिकचा धागा. तसं निघालं तर मन घट्ट करा: पॉलिप्रॉपिलीनचं व्यापारी उत्पादनच १९५७ च्या सुमारास सुरू झालं आणि त्याची कार्पेटं नंतर आली. म्हणजे १९५८ च्या गाडीतलं हे कार्पेट मध्येच कोणीतरी बदललेलं असणार. आजोबांनीच बदललं असेल तर तेही त्यांच्या वेळचंच म्हणा, पण मूळचं नव्हे. अशा वेळी एवढी मेहनत घ्यायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

तुमच्या वर्णनावरून, म्हणजे लूपच्या कार्पेटचे सुटे तुकडे, कडेला शिवलेली पट्टी, मागे तागाचं कापड आणि उलगडताना खाली पडलेला भुगा, मला वाटतं की तुमच्याकडे दोन्ही भानगडी आहेत. वर मळ, खाली मेलेलं लॅटेक्स. हे बहुतेक जुन्या गाड्यांत असंच असतं. फक्त किती टक्के कुठलं, ते हातात घेतल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. ज्या माळ्यावर पत्र्याचं छप्पर होतं तिथलं लॅटेक्स लवकर जातं. सिमेंटच्या स्लॅबखाली थोडं टिकतं. आपल्याकडचा मे महिना माहीत आहे ना, बाहेरच पंचेचाळीस, मग टिनाखालच्या माळ्यावर काय होत असेल.

लॅटेक्स का मरतं ते सांगतो, म्हणजे त्या तीन बाटल्यांचं काय करायचं ते आपोआप कळेल. रबर लवचीक असतं कारण त्याच्या लांबलांब साखळ्या एकमेकींवरून सरकू शकतात. हवेतला ऑक्सिजन आणि उष्णता वर्षानुवर्षं त्यावर काम करतात. साखळ्या कुठे तुटतात, कुठे एकमेकींना कायमच्या बांधल्या जातात. आधी रबर चिकट होतं, मग ताठ, मग त्याचा भुगा. ही क्रिया उलटी फिरत नाही. त्यामुळे बाहेरून काहीही मुरवलं तरी त्या बांधलेल्या साखळ्या सुटत नाहीत. तेलकट काही लावलं तर रबर दोन दिवस फुगून मऊ वाटतं आणि मग त्याचा चिखल होतो. तो चिखल तागात शिरला की काढता काढता कापडही जातं.

आता बाटल्या. कपड्यांचं कंडिशनर लूपवर एक गुळगुळीत थर चढवतं, हात फिरवला की छान वाटतं. पाठीच्या कडकपणाला त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि तो थर धूळ ओढून धरतो. ग्लिसरीनचं दुखणं वेगळं. ते हवेतलं पाणी शोषतं. उन्हाळ्यात काही जाणवणार नाही, पण श्रावणात तुमचं कार्पेट ओलसर राहील आणि त्याखाली तोच नवीन पत्रा असेल ज्याच्यासाठी तुम्ही इतकी वर्षं घालवली. सिलिकॉन स्प्रेला तर मी दुकानात पाऊलसुद्धा टाकू देत नाही. एक तर पेडलखालचं कार्पेट घसरडं होतं. दुसरं म्हणजे सिलिकॉनचा अंश पत्र्यावर कुठेही बसला आणि नंतर तिथे रंगाचं टचअप करायची वेळ आली, की रंग गोल गोल फाटतो, बारीक खड्डे पडतात. रंगारी तुम्हाला शिव्या घालेल आणि त्याचं बरोबरच असेल.

तर काम कुठून सुरू करायचं? कोरड्यापासून. तुकडा पालथा घालून पाठीमागून व्हॅक्युम मारा, मग सुलटा करून पुढून. लॅटेक्स शाबूत असेल तर निवारीच्या खाटेवर पालथा टाकून हातानं थोपटा. खाली पडणारी माती बघून थक्क व्हाल. लॅटेक्स सुटत असेल तर थोपटणं नको, फक्त व्हॅक्युम, तोही नळीच्या तोंडाला जाळीचं फडकं बांधून. ही माती निघाल्याशिवाय पाणी लावलं तर तिचा गाळ होऊन लूपच्या मुळाशी बसतो आणि मग जन्मात निघत नाही.

पाण्याबद्दल नागपूरकरांना मुद्दाम सांगतो. बऱ्याच वस्त्यांत बोअरचं पाणी जड आहे. जड पाण्यात साबण घातला की फेस कमी आणि चिकट साका जास्त. तो साका धाग्यावर बसतो आणि सुकल्यावर टोचतो. कितीतरी कार्पेटं मळानं नव्हे, आधीच्या धुण्यानं कडक झालेली असतात. त्यामुळे महानगरपालिकेच्या नळाचं पाणी वापरा, आणि शेवटचं पुसणं जमलं तर आरओच्या गाळलेल्या पाण्यानं किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं करा. आरओमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी गाडी धुवायला जपून ठेवणारे पुष्कळ आहेत. ते इथे चालणार नाही, क्षार सगळे त्यातच उतरलेले असतात.

साबण म्हणून लोकरीच्या कपड्यांसाठी मिळतं ते द्रावण घ्या. नसेल तर रिठे रात्रभर भिजवून उकळून गाळलेलं पाणी. आमच्याकडे लोकरीसाठी आजही रिठेच असतात आणि मला त्यापेक्षा चांगलं काही सापडलेलं नाही. कपड्यांची पावडर आणि धुण्याचा सोडा दूर ठेवा. दोन्ही क्षारधर्मी, लोकरीला जाळतात आणि तागातला तपकिरी रंग वर लूपपर्यंत चढवतात. तो डाग मग मळासारखा दिसतो आणि माणूस पुन्हा सोडा घेऊन बसतो.

पाणी कोमट, हाताला सुखद वाटेल इतकंच. लोकर गरम पाण्यात चोळली की आटते आणि तिचा नमदा होतो, म्हणजे धागे दाबून घट्ट लगदा. तुकडा बादलीत बुडवायचा नाही. स्पंजनं फेस लूपवर घ्यायचा, मऊ नायलॉनच्या ब्रशनं एकाच दिशेनं फिरवायचा, लगेच कोरड्या सुती फडक्यानं टिपायचा. फडकं काळं निघेल. निघू द्या, पुन्हा करा. ताग ओला झाला की त्याची ताकद कमी होते, म्हणून ओला तुकडा एका टोकाला धरून उचलू नका. खाली फळी सरकवून उचला. साबण पूर्ण निघाल्यावर, साधारण पाच लिटर पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून तो स्पंज फक्त वरून फिरवा. उरलेला क्षार मरतो आणि लूप मोकळे होतात. पाठीपर्यंत मुरू देऊ नका, कारण लॅटेक्समधला खडू व्हिनेगरमध्ये विरघळतो. शेवटी साध्या पाण्याचा पिळलेला स्पंज.

वाळवणं सावलीत, सपाट, मच्छरदाणीची जाळी ताणलेल्या चौकटीवर, म्हणजे दोन्हीकडून हवा लागेल. पंखा चालेल. कूलरसमोर ठेवू नका. आपला कूलर ओली हवा फेकतो, तुकडा दोन दिवस ओलाच राहील आणि तागाला कुबट वास सुटेल. भर उन्हातही नको. थोडं ओलसर असतानाच एकदा ब्रश फिरवून लूप उभे करा. वाळल्यावरही काही भाग दबलेला राहिला, जसा सीटच्या रुळाखाली राहतोच, तर इस्त्रीवाल्याचा स्टीमर वापरा, पण वर न टेकवता, बोटभर अंतरावरून वाफ द्यायची आणि बोटांनी लूप उचलायचे. पॉलिप्रॉपिलीन निघालं असेल तर वाफ जपूनच. इतर धाग्यांच्या मानानं ते लवकर वितळतं.

एवढं झाल्यावर कोपरा पुन्हा वाकवून बघा. काही जणांचं काम इथेच संपतं. तुमचं संपणार नाही असा माझा अंदाज आहे.

पाठ बदलायची असेल तर त्याआधी एक धोक्याची गोष्ट. इंजिनकडच्या पत्र्यावर किंवा सायलेन्सर जातो त्या भागावर करड्या-पांढऱ्या तंतूंचा पुठ्ठा चिकटलेला दिसला तर त्याला हात लावू नका. त्या काळात उष्णता अडवायला अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास वापरत. तो खरवडल्यावर उडणारे तंतू फुप्फुसात जातात आणि तिथेच राहतात. कार्पेटच्या पाठीवरची भुकटी तशी नसते, तरी तीही मास्क लावून, अंगणातच काढा.

लूप खाली करून तुकडा जुन्या सुती चादरीवर पसरा. मेलेलं लॅटेक्स बोथट पट्टीनं कोरडंच उकरा, कोनात धरून, तागाच्या धाग्याच्या दिशेनं. जिथे घट्ट बसलंय तिथे राहू द्या. हट्टानं सगळं काढायला गेलात तर लूप सुटतील. मग कार्पेटसाठी मिळतं ते पातळ, दुधी लॅटेक्स ब्रशनं एक अगदी हलका हात मारा. तो लूपच्या मुळांना धरतो. सुकल्यावर दुसरा हात, आणि तो ओला असतानाच वरून नवं, मोकळ्या विणीचं तरटाचं कापड. इतवारीत किंवा कळमन्याकडे पोत्यांच्या दुकानांत मीटरनं मिळतं. आधी धुऊन, आटवून घ्या, नाहीतर ते नंतर आटेल आणि तुकडा वाटीसारखा वळेल. तळहातानं मधून कडेला दाबत जा आणि एक पूर्ण दिवस सोडा. थर जाड द्यायचा मोह होतो. जाड दिला की पुन्हा तोच ताठपणा विकत घेतला.

इथे बरेच कारागीर रबर सोल्युशन, म्हणजे चामड्या-रेग्झिनला लावतो तो पिवळा गोंद, वापरतात, कारण तो दुकानात असतोच. सीटच्या फोमला उत्तम आहे. कार्पेटच्या पाठीला नको. त्यातला थिनर जाळीतून वर झिरपतो, लूपवर पिवळे डाग येतात आणि सुकल्यावर पाठ लॅटेक्सपेक्षा ताठ होते.

ड्रायरच्या परीक्षेत पाठीला प्लॅस्टिक निघालं असेल तर वरचं काहीच लागू नाही. साठ-सत्तरच्या दशकांतल्या अमेरिकन गाड्यांत साच्यात गरम करून आकार दिलेली अखंड कार्पेटं आली. मॉरिसमध्ये तसं नसतं, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे शेवरले असेल म्हणून सांगतो. ते ताठ असायलाच हवं, आकार त्या ताठपणावरच टिकतो. गुंडाळीत राहून वाकडं झालं असेल तर उपाय आपल्या शहरात फुकट आहे. मे महिन्यात भर दुपारी गाडी काचा बंद करून उन्हात उभी करा, कार्पेट आत नुसतं पसरून ठेवा. बंद गाडीत तापमान साठ अंशांच्या वर सहज जातं. आमच्याकडे एक मोठी शेवरले अशीच लावली होती. दुपारी साडेतीनला दार उघडलं तर सकाळी गुडघे टेकूनही न बसणारं कार्पेट गिअरच्या उंचवट्यावर आपोआप बसलं होतं. मग कडांना वाळूच्या पिशव्या ठेवून संध्याकाळपर्यंत थंड होऊ द्यायचं. हीट गन वापरणारच असाल तर पाठीकडून आणि सतत हलती ठेवून.

तुमच्या गाडीत परत येतो. बसवताना एक गोष्ट लोक विसरतात: कार्पेट उंचवट्यावर बसत नाही याचं कारण कधीकधी खालचा नमदा, म्हणजे कार्पेटखाली अंथरतात तो जाड थर, असतो. नवीन नमदा जाड आणि फुगीर येतो. वळणावर नमद्याला कात्रीनं चिरा द्या, कार्पेटला नाही. आधी उंचवट्याचा तुकडा, मग बाजूचे, शेवटी पायाखालचे. पत्र्याला चिकटवू नका. प्रेस बटणं किंवा मूळचे हूक असतील ते वापरा, म्हणजे पावसाळ्यात पाणी शिरलं तर काढून वाळवता येईल. चिकटवलेलं ओलं कार्पेट नवा पत्रा किती लवकर खातं ते तुम्हाला सांगायला नको.

आणि कधी सोडून द्यायचं? एका लूपला दोन बोटांनी हलकेच ओढा. सहज हातात आला, शेजारचाही आला, आणि वाकवल्यावर तागाचे धागे कटकन तुटत असतील, तर त्या तुकड्यात लॅटेक्स धरेल असं काही उरलेलं नाही. तेव्हा तो धुऊ नका, उकरू नका. तसाच सपाट ठेवून ब्राऊन पेपरवर त्याची बाह्यरेषा, भोकं, बटणांच्या जागा, पट्टीची रुंदी उतरवून घ्या. नवीन कार्पेट लोकरीच्या किंवा नायलॉनच्या लूपचं, एकेरी पाठीचं घ्या. घरात अंथरायचं कार्पेट स्वस्त पडतं पण त्याला दुहेरी पाठ असते, ते उंचवट्यावर कधीच वळणार नाही. जुन्या तुकड्याची कडेची पट्टी धड असेल तर उसवून नव्याला शिवा, डोळ्यांना तीच आधी दिसते. मिसळ चालते: दिसणारे तुकडे जुने, पायाखालचे नवे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये जी व्हिंटेज नोंदणी सुरू झाली, तिची व्याख्या चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं असण्याबद्दल बोलते. कार्पेटसाठी तुम्हाला कोणी अडवणार नाही.

पायाखालचे मात्र नवेच टाका असं मी आग्रहानं म्हणेन, जुने कितीही मऊ झाले तरी. ताठ किंवा वळलेली कड ॲक्सिलरेटरच्या मागे अडकली तर पेडल दाबलेलंच राहतं. सगळं बसवून झालं की इंजिन बंद ठेवून सीटवर बसा, तिन्ही पेडल तळापर्यंत दाबा आणि सोडा. मग मान घालून बघा, दाबलेल्या स्थितीत कार्पेटची कड कुठे टेकते का. टेकत असेल तर तिथला नमदा कापा आणि पुन्हा दाबून बघा. गाडी गेटबाहेर काढायची ती त्यानंतर.